पेठेतल्या कॅमेऱ्याची काच कोण पुसणार?

बाजाराचा दिवस होता. दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला आमच्या चौकात मेथी-शेपू विकायला बसणाऱ्या आक्का माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन टेकल्या. कमरेला बांधलेली पैशाची पिशवी कुणीतरी ब्लेडनं कापून नेली होती. नाडी तेवढी कमरेला राहिली होती. सकाळपासूनचा गल्ला त्यात होता, आणि पतपेढीच्या हप्त्याला म्हणून बाजूला ठेवलेले पैसेही. आक्का रडत नव्हत्या. चौकातल्या खांबाकडं बोट करून म्हणाल्या, "वैनी, वर त्यो कॅमेरा हाय की. त्यात दिसंल न्हवं?"

मलाही तसंच वाटत होतं. तो खांब उभा राहिला त्या दिवशी मी तिथंच होते. नारळ फुटला, फीत कापली, आमच्या व्यापारी संघटनेनं पेढे वाटले. संघटनेची खजिनदार म्हणून पेढ्यांचं बिल मीच चुकतं केलं होतं. आक्कांना घेऊन मी चौकीत गेले.

चौकीतल्या स्क्रीनवर सोळा चौकोन होते. त्यातले नऊ काळे, आणि प्रत्येक काळ्या चौकोनाच्या मधोमध 'व्हिडिओ लॉस' अशी पांढरी अक्षरं. आमच्या चौकातला चौकोन चालू होता, पण त्यात पांढरट धुकं दिसत होतं. भिंगापुढं कोळ्यानं जाळं विणलेलं, त्यात धूळ बसलेली, आणि उजवीकडचा अर्धा भाग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकलेला. कोपऱ्यातली वेळ बघितली तर ती खऱ्या वेळेपेक्षा दोन तास चाळीस मिनिटं मागं होती. हवालदार भले गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, तासभर मागं-पुढं करून दाखवलं. शेवटी म्हणाले, "ताई, आमच्याकडं फक्त बघायचं दिलंय. दुरुस्ती नगरपालिकेकडं." नगरपालिकेत गेले तर तिथं सांगितलं की यंत्रणा पोलिसांच्या ताब्यात दिली आहे. ज्या एजन्सीनं बसवली तिचा नंबर मिळवून फोन केला. वॉरंटी संपली, देखभालीचा करार कुणी केलाच नाही, असं उत्तर आलं. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, आणि मला सर्वांत जास्त त्रास झाला तो त्याचाच.

आक्कांचे पैसे मिळाले नाहीत. त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पेठेतला सार्वजनिक कॅमेरा बसवून काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं. ज्याला देखभालीचा खर्च आणि जबाबदार माणसाचं नाव लावता येत नसेल, त्यानं कॅमेरा बसवू नये. बंद कॅमेरा निरुपयोगी असतोच, त्याहून वाईट म्हणजे तो नुकसान करतो.

नुकसान कसं ते सांगते. कॅमेरा येण्याआधी आमच्या पेठेत रात्रीचा गुरखा होता. दर महिन्याला दुकानामागं थोडी थोडी वर्गणी काढून त्याचा पगार निघायचा. तो शिट्टी वाजवत, शटरच्या कुलुपांवर काठी आपटत फिरायचा. कॅमेरे बसले आणि दोन-तीन महिन्यांत वर्गणी आटली. "आता कॅमेरे आहेत की," असं म्हणत एकेकानं हात आखडता घेतला. गुरखा गेला. बाजाराच्या दिवशी चौकात उभा राहणारा होमगार्डही पुढं दिसेनासा झाला. म्हणजे कॅमेऱ्याच्या भरवशावर आम्ही दोन जिवंत माणसं घालवली, आणि तो भरवसा नऊ काळ्या चौकोनांवर टांगलेला होता.

दुसरी गोष्ट मला आक्कांमुळं कळली. आमच्या पेठेतल्या सराफांकडं, मोबाईलच्या दुकानांत, कपड्यांच्या शोरूममध्ये स्वतःचे कॅमेरे आहेत आणि ते उत्तम चालतात. मालक रात्री घरी जेवताना मोबाईलवर दुकान बघतो. एखादा कॅमेरा बंद पडला तर संध्याकाळच्या आत माणूस येऊन दुरुस्त करतो. माझ्या कटलरीच्या दुकानातही दोन आहेत. पण त्या सगळ्यांचं तोंड आपापल्या गल्ल्याकडं. रस्त्याकडं बघणारा कॅमेरा कुणासाठी असतो? ज्याला शटर नाही त्याच्यासाठी. भाजीवाल्या बायका, हमाल, पाटीत लिंबू-मिरची घेऊन बसणारी म्हातारी, शाळा सुटल्यावर पेठेतून एकट्या जाणाऱ्या मुली, खेड्यातून बाजाराला आलेलं जोडपं. सार्वजनिक कॅमेरा बंद पडतो तेव्हा आम्हा दुकानदारांचं फारसं बिघडत नाही. म्हणूनच तो वर्षभर बंद राहू शकतो.

कॅमेरे बंद पडतात म्हणजे नेमकं काय होतं, हे मी आमच्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या एका मुलाकडून समजून घेतलं. तो मुलगा आयटीआय झालेला, मोटरसायकलला शिडी बांधून फिरतो. त्यानं सांगितलं की कॅमेरा सहसा मरत नाही, त्याच्या आसपासच्या स्वस्त वस्तू मरतात. खांबावरच्या डब्यातला पॉवर सप्लाय वीज कमी-जास्त झाली की जळतो. डब्याचं झाकण नीट बसलेलं नसलं की पहिल्याच पावसात आत पाणी जातं, कनेक्टर गंजतो आणि चित्रावर आडव्या रेघा येतात. पाण्याच्या पाइपलाइनसाठी, गॅससाठी, फायबरसाठी रस्ता उकरतात तेव्हा केबल तुटते, आणि खड्डा बुजवणाऱ्याला ती जोडायची आठवण राहत नाही. रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्यात लाल दिवे असतात. त्यांच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो. वडापावच्या गाड्याजवळच्या कॅमेऱ्यावर तेलाचा थर बसतो आणि त्या थरावर धूळ चिकटते. ओल्या फडक्यानं दोन मिनिटांत जाणारी ही गोष्ट. पण त्या दोन मिनिटांसाठी शिडी लागते, आणि शिडी घेऊन वर चढ म्हणून कुणालातरी सांगावं लागतं.

सणासुदीचं तर विचारूच नका. गणपतीत मांडवाची कमान उभी राहते ती नेमकी खांबाला टेकून. नवरात्रात स्वागताचे फलक, दिवाळीत आकाशकंदिलांच्या माळा. वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी ज्या दिवसांत, त्याच दिवसांत कॅमेऱ्यापुढं कापड. मला कुणाच्या भावना दुखवायच्या आहेत असं कुणी समजू नये, आमच्या मंडळाच्या गणपतीची आरती मी तीस वर्षं करते आहे. पण मांडवाची परवानगी देताना जसा अग्निशमनाचा आणि रुग्णवाहिकेच्या वाटेचा विचार होतो, तसा कॅमेऱ्याच्या नजरेचाही व्हायला हवा. कमान फूटभर बाजूला सरकवली तर देवाला काही कमी पडत नाही.

साठवणुकीचं गणित मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते मी वहीत मांडलं. चांगल्या प्रतीचा चार मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट माहिती पाठवतो असं धरा. दिवसाचे सेकंद ८६,४००. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे एका कॅमेऱ्याची दिवसाची माहिती सुमारे २१.६ गिगाबाइट, आणि सोळा कॅमेऱ्यांची जवळपास ३४५. चौकीतल्या पेटीत ४ टेराबाइटची, म्हणजे ४,००० गिगाबाइटची हार्ड डिस्क होती. ती साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवं चढत जातं. गावाकडं माणूस चोरी झाल्यावर लगेच चौकी चढत नाही. आधी घरात बोलणं होतं, मग सरपंचाला विचारणं होतं, मग कुणीतरी ओळखीचा सोबत येतो. तोवर बारावा दिवस उजाडतो. छेडछाडीच्या बाबतीत मुलीनं तोंड उघडायलाच महिना जातो. सगळे सोळा कॅमेरे ठणठणीत चालू असते तरी त्या मुलीच्या वाट्याला काहीच आलं नसतं. महिनाभर जपायचं तर दहा-साडेदहा टेराबाइटची जागा लागते. हा फरक एका मोठ्या डिस्कचा आहे, आणि तो निविदेच्या कागदावर ठरतो. पण तेव्हा चर्चा होते ती कॅमेरे किती याची, कारण उद्घाटनाच्या भाषणात आकडा कॅमेऱ्यांचा सांगायचा असतो.

आता पैशाकडं येते, कारण दुखणं तिथं आहे. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात खर्चाच्या दोन बाजू असतात, भांडवली आणि महसुली. आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनाचा निधी टिकाऊ मालमत्ता उभी करायला मिळतो. त्यातून खांब येतो, कॅमेरा येतो, स्क्रीन येते. पण वीजबिल, इंटरनेटचं भाडं, जळलेला पॉवर सप्लाय, शिडीवाल्या मुलाची मजुरी हे सगळं महसुली बाजूनं भागवायचं असतं. ती बाजू पगार, पाणीपट्टीची थकबाकी आणि पंपाच्या वीजबिलात आधीच बुडालेली असते. ज्यानं कॅमेरे आणले त्याचं नाव खांबावर रंगवलेलं आहे. ज्यानं ते चालवायचे त्याचं नाव कुठंच नाही. आणि कित्येक ठिकाणी २०२२ पासून लोकनियुक्त सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकांकडं होता. आमच्यासारख्यांनी विचारायचं म्हटलं तरी कुणाच्या दारात जायचं, हाही प्रश्नच होता.

मुंबईचं उदाहरण मुद्दाम देते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीनं शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं असावं असं सुचवलं. ते प्रत्यक्षात यायला २०१६ उजाडलं. सुमारे दीड हजार ठिकाणी ४,७०० च्या आसपास कॅमेरे, खर्च साडेनऊशे कोटींच्या घरात. आठ वर्षं लागली म्हणून टीका झाली आणि ती रास्त होती. पण त्या कामाची एक गोष्ट आमच्यासारख्या गावांनी उचलण्यासारखी आहे. तिथं कॅमेरे नुसते विकत घेतले नाहीत, उभारणी आणि देखभाल मिळून एकच काम धरलं. आमच्याकडं कॅमेरा हा पंखा किंवा बाकड्यासारखा विकत घेतला जातो. बाकड्याला देखभाल नसली तरी बसता येतं. कॅमेऱ्याला तसं चालत नाही.

पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांची कथाही वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयानं परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिला की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, त्यांना रात्री दिसायला हवं, आवाजही टिपला जायला हवा, आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपायला हवं. त्या आदेशातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. कॅमेरे चालू ठेवण्याची, त्यांच्या देखभालीची जबाबदारी न्यायालयानं ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्यावर टाकली. एका पदावर, एका माणसावर. एवढं असूनही सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून त्याच न्यायालयाला चालू नसलेल्या कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असलेल्या कॅमेऱ्यांची ही गत, तर आमच्या चौकातल्या खांबामागं कोण उभं राहणार, असं कुणाला वाटेल. मला उलट वाटतं. ठाण्याच्या भिंतीआड काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. चौकातला खांब आपल्याला रोज दिसतो. तिथं लक्ष ठेवायला न्यायालय लागत नाही, पेठ पुरते.

जबाबदार माणूस हवा हा माझा हट्ट नाही, पुराव्याचा कायदाच तो मागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार चित्रणाची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात यंत्र कुणाच्या ताब्यात होतं, ते त्या काळात नीट चालत होतं का, हे लिहून द्यावं लागतं. आणि फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळता यावं म्हणून तिचा हॅश, म्हणजे त्या फाइलचा एकमेव असा सांकेतिक ठसा, नोंदवावा लागतो. एका भागावर यंत्राची जबाबदारी असलेल्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. आमच्या चौकातल्या कॅमेऱ्यासाठी सही कोण करणार होतं? हवालदार म्हणतात ताबा आमचा नाही, नगरपालिका म्हणते आमचा नाही. समजा चोराचा चेहरा लख्ख दिसला असता, तरी दोन तास चाळीस मिनिटं मागं चालणाऱ्या घड्याळाचा तो पुरावा आरोपीच्या वकिलानं पहिल्या तारखेलाच फाडला असता. घड्याळ लावायला किती वेळ लागतो? पेटीतली नाण्याएवढी बॅटरी बदलायची आणि वेळ घालायची.

प्रमाणपत्राचं महत्त्व देशाला समजावून देणारा निकाल आपल्या जालन्याच्याच वादातून आलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर दाखल झाला का, हा प्रश्न होता आणि उत्तर अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रणात होतं. चित्रण होतं, पण पुन्हा पुन्हा मागूनही प्रमाणपत्र कुणी देत नव्हतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आमदारकीच्या वादात ज्या कागदासाठी मोठमोठ्या माणसांना इतकं झगडावं लागलं, तो कागद आक्कांना कोण देणार होतं? उलट बाजूही आहे. वाराणसीच्या एका हॉटेलातल्या मृत्यूच्या खटल्यात, तोमासो ब्रुनो प्रकरणात, २०१५ साली एक परदेशी तरुण आणि एक तरुणी निर्दोष सुटले. हॉटेलात कॅमेरे असूनही चित्रण न्यायालयापुढं न आणणं हे त्यामागचं एक ठळक कारण होतं. चालू कॅमेरा निरपराध माणसालाही वाचवतो. बाजारात पाकीट मारलं म्हणून भटक्या जमातीतल्या पोराला धरून मारहाण होते तेव्हा त्याच्या बाजूनं बोलणारं तिथं दुसरं कोण असतं?

काही जाणती माणसं म्हणतात की कॅमेऱ्यांनी गुन्हे थांबत नाहीत, हा सगळा दिखावा आहे. त्यांचं अर्धं बरोबर आहे. २०१९ मध्ये जगभरच्या चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुन्ह्यांत सरासरी १३ टक्क्यांची घट दिसली. फायदा सर्वांत जास्त दिसला तो वाहनतळांवर, आणि जिथं पडद्यापुढं माणूस बसून बघत होता, जोडीला दिवे, गस्त अशा इतर गोष्टी होत्या तिथं. १३ टक्के म्हणजे जादू नव्हे. पण त्याच आढाव्यातून हेही निघतं की कॅमेरा माणसाशिवाय फार काही करत नाही. हीच गोष्ट आमच्या पेठेनं अनुभवानं शिकली, फक्त उलट्या बाजूनं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांवर चोवीस तास डोळा ठेवायचा, तो कुणाच्या हातात? सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो बाजारात पाऊल ठेवलं म्हणून गळून पडत नाही. माझं म्हणणं असं की देखभाल या शब्दात हेही आलं पाहिजे. काच पुसणं जशी देखभाल, तसं पासवर्ड बदलणं ही देखभाल. आमच्या चौकीतल्या पेटीचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, आणि तो स्क्रीनच्या कडेला चिठ्ठीवर लिहून डकवला होता. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरचे असेच कारखान्यातले पासवर्ड असलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांचं काम बंद पाडलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं तपासणीच्या खोलीचं चित्रण बाहेर फुटलं आणि विकलं गेलं. त्या बायकांचा विचार मनात आला की अजून जीव गलबलतो. ज्या यंत्राकडं कुणाचं लक्ष नाही, ते पहारा करायचं बंद होतं पण बघायचं बंद होतंच असं नाही. मग त्यातून बघणारा कुणी तिसराच असतो.

म्हणून कोण, कधी, कशासाठी चित्रण बघतो याची वही हवी. जपानमधल्या तोक्योच्या सुगिनामी भागानं २००४ साली सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र नियम केले. तिकडं बाजारगल्ल्यांमधले कॅमेरे पुष्कळदा व्यापाऱ्यांच्या संघटनाच बसवतात, सरकार मदत देतं, आणि कॅमेरा चालू आहे व कुणाचा आहे याची पाटी तिथं लावतात. त्यांच्या सगळ्याच गोष्टी आपल्याला लागू पडणार नाहीत. पाटी मात्र लागू पडते. खांबावर उद्घाटकाच्या नावाऐवजी, हा कॅमेरा कुणाच्या जबाबदारीवर आहे, बंद दिसला तर कोणत्या नंबरवर कळवायचं, चित्रण किती दिवस राहतं, एवढ्या तीन ओळी असल्या तरी त्या दुपारी आक्कांची आणि माझी तीन दारं वाचली असती.

खर्च कुणी करायचा? मी व्यापारी असून सांगते, आम्हीही करायचा. सुरक्षित पेठेचा पहिला फायदा आमच्या गल्ल्यात पडतो. गुरख्याला जी वर्गणी देत होतो ती पुन्हा सुरू करायला कुणाचं घर बुडत नाही. पण सगळा भार संघटनेवर टाकून नगरपालिकेनं हात झटकू नयेत, कारण कॅमेरे आमच्या मालकीचे झाले तर ते हळूहळू आमच्याच दुकानांकडं वळतील. रस्ता सगळ्यांचा, तर त्यावरचा डोळाही नगरपालिकेचाच राहावा. अंदाजपत्रकाच्या महसुली बाजूला स्वतंत्र ओळ असावी, 'सीसीटीव्ही देखभाल', आणि ती रक्कम दुसरीकडं वळवता येऊ नये. नवे कॅमेरे मागणाऱ्याला आधी जुन्यांचा हिशोब विचारावा. पन्नास बंद कॅमेऱ्यांपेक्षा चालणारे बारा बरे. तेवढेच परवडत असतील तर तेवढेच लावावेत आणि उरलेले खांब उतरवावेत.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सरकारी कार्यालयांना स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगतं. दर महिन्याला किती कॅमेरे चालू, किती बंद, दुरुस्तीला किती दिवस लागले, हे नगरपालिकेच्या फलकावर लागलं पाहिजे. चोराला फावेल, अशी भीती मला एका अधिकाऱ्यांनी बोलून दाखवली. ठिकाणं सांगू नका, आकडे सांगा. आणि खरं सांगायचं तर कोणता कॅमेरा बंद आहे हे चोराला आपल्याआधी माहीत असतं. आक्कांची पिशवी फ्लेक्सच्या बाजूलाच कापली गेली होती. तसंच, अमुक वेळेचं चित्रण पुसू नका, जपून ठेवा, असा अर्ज दिला की ठरावीक तासांत त्याची पोच आणि अंमलबजावणी मिळाली पाहिजे. राज्यात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, दाखल्यांसाठी आपण तो वापरतो. ही सेवा त्याच्या यादीत घालायला काय हरकत आहे?

आमच्या पेठेत एवढं झालंय. गुरुवारी बाजारपेठ बंद असते. त्या सकाळी शिडीवाला मुलगा येतो, सोळा खांब फिरतो, काचा पुसतो, डबे उघडून बघतो. संघटनेतला एक जण त्याच वेळी चौकीतल्या स्क्रीनसमोर बसून वहीत टिपतो. चित्र कसं, वेळ बरोबर आहे का, मागचं चित्रण किती तारखेपर्यंत सापडतं. मजुरी आम्ही देतो. काळे चौकोन नवावरून तीनवर आले आहेत. ते तीन केबल तुटल्यामुळं बंद आहेत, रस्ता नगरपालिकेचा असल्यानं आम्हाला तो उकरता येत नाही. गणपतीच्या मंडळानं यंदा कमान मागं घेतली. पासवर्ड बदलला, तो आता ठाण्याच्या अधिकाऱ्यांकडं आणि मुख्याधिकाऱ्यांकडं पाकीटबंद आहे, आमच्याकडं नाही.

आक्का अजून त्याच जागी बसतात. पिशवी आता पदराखाली, पोटाशी बांधतात. परवा मेथी घेताना त्यांनी मला विचारलं, "चालू झाला का वो वैनी त्यो?" मी म्हटलं, चौकातला आता स्वच्छ दिसतो, पण तुम्ही बसता त्या कोपऱ्याकडचा दुसरा अजून नाही, केबल राहिलीय. त्यांनी वर बघितलं आणि जुडी माझ्या पिशवीत टाकली. अंदाजपत्रकात देखभालीची वेगळी ओळ घाला आणि तीन खांबांची केबल जोडा, असं पत्र संघटनेनं नगरपालिकेला दिलंय. आवक शिक्का मारलेली त्याची प्रत माझ्या गल्ल्यात आहे. पुढच्या सोमवारी मुख्याधिकाऱ्यांनी वेळ दिलीय. आक्काही येणार आहेत.